गोव्याच्या किनाऱ्यावरून ६९ अंश दक्षिण

४ डिसेंबर २०२४, बुधवार

अण्णांचा हिशेब पक्का होता. बाराला गडहिंग्लज सोडायचं, आजऱ्यात जेवायचं आणि चारच्या आत आंबोली घाट उतरून दाणोलीत पोचायचं. घाटात मोबाइलला रेंज मिळत नाही आणि चार वाजून आठ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५९ सुटणार होतं. माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत, पण रॉकेट सुटायचं म्हटलं की घरात सगळ्यात आधी ते तयार होऊन बसतात.

दाणोलीत टपरीपाशी गाडी लावली, चहा सांगितला आणि मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. बातमी आधीच येऊन पडली होती. उड्डाण उद्यावर. जे युरोपीय उपग्रह वर न्यायचे होते, त्या प्रोबा-३ मध्ये काहीतरी बिघाड दिसला होता.

"बरं झालं. जमिनीवर असतानाच कळलं," अण्णा म्हणाले आणि बशीत चहा ओतला. मग त्यांनी १९७९ सालच्या १० ऑगस्टची आठवण काढली. एसएलव्ही-३ त्या दिवशी पहिल्यांदा उडालं आणि सव्वापाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडलं. दुसऱ्या टप्प्याला दिशा देणाऱ्या यंत्रणेतलं नायट्रिक आम्ल उड्डाणाआधीच गळून गेलं होतं. अण्णांनी ती बातमी रेडिओवर ऐकली होती. पुढच्या वर्षी १८ जुलैला तसंच दुसरं रॉकेट ३५ किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन व्यवस्थित कक्षेत गेलं, तेव्हा त्यांनी वर्गात पेढे वाटले होते. उड्डाण थांबवणाऱ्या माणसांबद्दल त्यांना जो आदर वाटतो तो तेव्हापासूनचा.

या प्रवासाचं निमित्त एका आकड्याचं. मी शाळेत भूगोल शिकवते. अक्षांश शिकवताना एकदा सहज दोन नोंदी शेजारी शेजारी लिहिल्या. चांद्रयान-३ चं विक्रम जिथे उतरलं ती जागा चंद्रावर ६९.३७ अंश दक्षिणेला आहे. अंटार्क्टिकातलं आपलं भारती केंद्र पृथ्वीवर ६९.४१ अंश दक्षिणेला. फळ्यावर दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक लहान, आणि दोन्हीत खालच्या बाजूला तीच आडवी रेघ ओढली. हा निव्वळ योगायोग आहे, हे मुलांना सांगितलंच. तरीही शेवटच्या बाकापर्यंत वर्ग गप्प झाला. अण्णांना घरी येऊन सांगितलं तर ते म्हणाले, "भारतीचा कारभार गोव्यातून चालतो. तुझी आत्या गोव्यात आहे. मग आपण इथं बसून काय करतोय?"

बांद्याहून पत्रादेवी ओलांडली, म्हापशाला गाड्यांची रांग लागली होती. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनासाठी देशभरातून माणसं आलेली, कालच त्याचं फेस्त झालेलं. पर्वरीत आत्याच्या घरी पोचेपर्यंत अंधार पडला.

जेवणं झाल्यावर आत्या मालिका बघत होती. गच्चीवरच्या डिशकडे बोट दाखवून अण्णांनी विजापूर जिल्ह्यातली गोष्ट सुरू केली. मी ती लहानपणापासून ऐकत आले आहे, तरी मला ती पुन्हा हवीच असते. १९७५ च्या १ ऑगस्टला 'साइट' हा उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवायचा प्रयोग सुरू झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह एका वर्षासाठी आपल्याला मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या २४०० गावांत त्याच्यावरून थेट दूरचित्रवाणी दाखवायची होती. विजापूर जिल्हा त्यात होता. अण्णा तेव्हा तिथल्या एका खेड्यात नवे मास्तर. शाळेच्या आवारात खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री उभी राहिली. ज्या गावात वीज धड नव्हती, पक्का रस्ता नव्हता, तिथे आकाशातून चित्र उतरलं. शेती, आरोग्य, मुलांचे कार्यक्रम, सगळं कन्नडमध्ये. "पहिल्या दिवशी बायका संच बंद झाल्यावरही उठल्या नाहीत, म्हणाल्या, ती माणसं अजून आत असतील," अण्णा सांगतात. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली, उपग्रह अमेरिकेने सरकवून नेला आणि पडदा काळा झाला. आपला स्वतःचा उपग्रह हवा, हे आमच्या गावाला त्या दिवशी समजलं, असं अण्णा म्हणतात.

५ डिसेंबर, गुरुवार

पहाटे साडेपाचला काकांनी आम्हाला मालीम जेटीवर नेलं. पणजीसमोर, मांडवीच्या या बाजूला. ट्रॉलर एकाला एक खेटून लागलेले, बर्फाचा चुरा पायाखाली, डिझेलचा आणि ताज्या मासळीचा वास. टोपल्यांतून बांगडे उतरत होते. खलाशी बहुतेक ओडिशा, कर्नाटकाकडचे. एक तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, मात्र वेंगुर्ल्याचे निघाले, साठीच्या आसपासचे, आणि आमचं मराठी ऐकून तेच बोलायला आले.

मला त्यांना एकच विचारायचं होतं: उपग्रहाचा मासळीचा नकाशा तुम्ही वापरता का?

"वापरतंव तर. मोबाइलार येता. खंयच्या दिशेन, किती लांब, किती वाव पाण्यात," ते म्हणाले. "पन आता चार दिस काय येवक नाय. ढग इले काय सेटेलाइटाक दर्या दिसना नाय. मगे आमचे डोळेच."

त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मी वर्गात दोन तास घालवून सांगते. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ जमिनीवर आलं, त्याचे उरलेले ढग द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावर आले होते. ओशनसॅट मालिकेतले उपग्रह समुद्राचा रंग मोजतात. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, वाढले की हरितद्रव्यामुळे पाणी हिरवट होतं. तारली, बांगडा ही मासळी अशा पाण्याकडे धावते. दुसऱ्या उपग्रहांकडून पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान मिळतं. थंड आणि उबदार पाण्याची सीमा जिथे हिरव्या पट्ट्याच्या सीमेला मिळते, तिथे मासळी सापडण्याची शक्यता जास्त. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यावरून मच्छीमारांना सूचना पाठवते. पण रंग बघायचा तर उजेड हवा, आणि ढगाआडून रंग दिसत नाही.

"आणि नेमका मासा मिळतो का तिथं?" अण्णांनी विचारलं.

"कधी गावता, कधी नाय. पाणी काय थांबान ऱ्हवता? पन डिझेल वाचता. पयले आमी दर्यात वास घेत फिरा होतंव." मग थोडं थांबून ते म्हणाले, "खरो उपयोग वादळाचो. आता आदी कळता."

तौक्तेच्या वेळी, २०२१ च्या मे महिन्यात, पर्वरीत वीज नव्हती, झाडं रस्त्यात आडवी झाली होती, हे आत्याने काल रात्रीच सांगितलं होतं. पण वादळ येतंय हे सगळ्यांना आधीच कळलं होतं. इन्सॅट-३डी आणि ३डीआर ३६ हजार किलोमीटरवरून एकाच जागी नजर ठेवून होते. चांद्रयानाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. या हवामानाच्या उपग्रहांची नावं, ज्यांच्यामुळे माणसं घरी परत येतात, ती फारशी कुणी घेत नाही. मला हे मनापासून खुपतं, म्हणून मी मुलांकडून ती पाठ करून घेते.

दुपारी दोना पावलला गेलो. पठारावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ सालची. परवानगीचं पत्र आधी पाठवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं, त्यामुळे फाटकाबाहेरूनच बघितली. वर उपग्रह आणि खाली बोट, हे दोघं मिळूनच काम होतं. समुद्राकडे बघणाऱ्या उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास हवेनेच विखुरलेला असतो. समुद्राचा म्हणून उरतो तो थोडासाच. तो बरोबर वेगळा काढला की नाही, हे ठरवायला कुणीतरी बोटीने जाऊन त्याच पाण्याची बाटली भरून आणावी लागते. १९९९ च्या २६ मेला ओशनसॅट-१ उडाला तेव्हापासून समुद्रात उतरून असली पडताळणी करणाऱ्यांत या संस्थेची माणसं आहेत.

साडेतीनला मिरामारला. गोवा विज्ञान केंद्र किनाऱ्याला लागूनच आहे. आत तारांगण आहे, बागेत मुलांसाठी प्रयोग मांडलेले. अण्णांचं लक्ष मात्र घड्याळाकडे. सुरूच्या झाडांखाली बाक मिळाला. चार वाजून चार मिनिटांनी मोबाइलच्या पडद्यावर धूर उसळला आणि पीएसएलव्ही वर चढलं. अण्णांनी माझा हात घट्ट धरला होता. रॉकेट दिसेनासं झालं तरी त्यांनी हात सोडला नाही. अठराव्या मिनिटाला उपग्रह वेगळे झाल्याचं जाहीर झालं तेव्हा त्यांनी श्वास सोडला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

प्रोबा-३ म्हणजे उपग्रहांची जोडी. एक दुसऱ्यापासून दीडशे मीटरवर उडणार, सूर्याला झाकणार, आणि दुसरा त्या सावलीत बसून सूर्याच्या किरीटाचं, म्हणजे त्याच्याभोवतीच्या फिक्या वलयाचं, छायाचित्र घेणार. एरवी त्यासाठी खग्रास ग्रहणाची वाट बघावी लागते, आणि ते काही मिनिटांत संपतं. इथे दर फेरीत सहा तासांपर्यंत ग्रहण. त्या दोघांत जेवढं, साधारण तेवढंच दीडशे मीटर अंतर आमच्या बाकापासून पाण्याच्या रेघेपर्यंत असेल. एवढ्या अंतरावरून १.४ मीटर व्यासाच्या तबकडीची सावली दुसऱ्या यानाच्या भिंगावर पाडायची, आणि तिथे पोचताना ती सावली जेमतेम आठ सेंटिमीटरची उरलेली. मिलिमीटरचीही चूक खपायची नाही. युरोपने हे नाजूक काम आपल्या रॉकेटवर सोपवलं. त्यांचा प्रोबा-१ देखील २००१ मध्ये पीएसएलव्हीनेच नेला होता. पुढे २०२५ च्या जूनमध्ये या जोडीने टिपलेली किरीटाची पहिली छायाचित्रं जाहीर झाली. ती मी फळ्याशेजारी चिकटवली आहेत. त्यांच्या बाजूला आदित्य-एल१ या सूर्याकडे बघणाऱ्या आपल्या यानावरच्या 'सूट' दुर्बिणीची. ती दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने बनवली आहे, हे कळल्यावर मुलं त्या चित्राला हात लावून बघतात.

६ डिसेंबर, शुक्रवार

आजची तारीख ठरवूनच धरली होती. १९८१ मध्ये याच दिवशी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली.

वास्कोच्या वाटेवर आगशीचं चर्च लागलं. ते पांढरं चर्च बघून अण्णांना थुंबा आठवलं. त्रिवेंद्रमजवळच्या त्या मच्छीमारांच्या गावावरून चुंबकीय विषुववृत्त जातं, म्हणून विक्रम साराभाईंना तीच जागा हवी होती. जागा शोधणाऱ्यांत एकनाथ चिटणीस होते. "आपल्या कोल्हापूरचे," हे अण्णा दर वेळी जोडतात. गावात सेंट मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर लोकांनाच विचारलं, आणि लोकांनी आपलं देऊळ देशाला दिलं. त्या चर्चमध्ये कार्यालय थाटलं, सामान सायकलवरून वाहिलं आणि १९६३ च्या २१ नोव्हेंबरला पहिलं रॉकेट सुटलं. ते रॉकेट अमेरिकेचं होतं. त्याच थुंब्यात पुढे वसंतराव गोवारीकरांनी घन इंधन घडवलं. चर्च अजून आहे, आता तिथे अंतराळ संग्रहालय आहे. ज्यांनी ती जागा सोडली त्या कुटुंबांबद्दल अण्णा नेहमी थोडं थांबून बोलतात. आजही थांबले, तोवर झुआरीचा नवा पूल आला.

हेडलँड सडा म्हणजे मुरगाव बंदरावरचं उंच पठार. तिथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या आपल्या दोन्ही केंद्रांचा सगळा कारभार इथून चालतो. ध्रुवावरून आणलेले बर्फाचे लांब दंडगोल इथे उणे २० अंशांत जपून ठेवतात. बाहेर आम्ही घामाने भिजलेले. भिंतीच्या पलीकडे हजारो वर्षांपूर्वीचं बर्फ आहे, या कल्पनेनेच मला गार वाटलं.

पुढे जाऊन कड्यावर थांबलो. खाली बंदर, बार्जेस, नांगरलेली जहाजं, पलीकडे झुआरीचं मुख आणि मग नुसता समुद्र. ४३ वर्षांपूर्वी इथूनच 'पोलर सर्कल' हे भाड्याचं नॉर्वेजियन जहाज निघालं. २१ माणसं, म्होरके डॉ. सय्यद झहूर कासिम. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. अण्णा कठड्याला टेकून बराच वेळ दक्षिणेकडे बघत राहिले.

वास्कोच्या बाजारातून संत्री घेतली होती. एक सोलून मी त्यांना दाखवलं की भारतीला उपग्रहांशी काय देणंघेणं. ओशनसॅट, कार्टोसॅट, रिसोर्ससॅट हे उपग्रह पृथ्वीभोवती उत्तर-दक्षिण फिरतात, दिवसाला चौदा फेऱ्या. पृथ्वी खाली फिरत असते, त्यामुळे दर फेरीचा मार्ग सरकत जातो. संत्र्याच्या पोटावर या रेघा एकमेकींपासून लांब असतात. हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रावरून दिवसात त्यातल्या मोजक्याच फेऱ्या जातात. पण देठाशी बघितलं तर सगळ्या फोडी एकत्र येतात. ६९ अंशांवर बसलेल्या अँटेनाला म्हणूनच बहुतेक फेऱ्यांमध्ये उपग्रह डोक्यावरून जाताना सापडतो. २०१३ मध्ये तिथे इस्रोने अँटेना उभी केली. बर्फाच्या वाऱ्यापासून वाचवायला ती गोल आवरणात ठेवली आहे. उपग्रहाने टिपलेली चित्रं तिथे उतरतात आणि दुसऱ्या दळणवळण उपग्रहावरून शादनगरला येतात.

"म्हणजे मालीमच्या त्या तांडेलाचा समुद्र आधी अंटार्क्टिकाला जाऊन येत असेल?" अण्णांनी विचारलं. प्रत्येक चित्र त्याच वाटेने येत नाही, पण येऊ शकतं, असं मी सांगितलं. त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. मग त्यांनी खिशातली वही काढून त्यात ६९ लिहिलं, आणि पुढे मालीम.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. आत्याने माहेरची रीत सोडलेली नाही, बाजरीचं पीठ तिने मागवून ठेवलं होतं. दुपारी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. घराबाहेर कुणी पडलं नाही.

षष्ठी सकाळी अकराच्या सुमारास संपत होती. म्हणजे संध्याकाळी आकाशात चंद्र सप्तमीचा असणार. पंचांग बघताना हे लक्षात आलं आणि मी मोबाइलवर २०२३ चं पंचांग उघडलं. विक्रम उतरलं ती २३ ऑगस्टची संध्याकाळ, नागपंचमीनंतरचा दुसरा दिवस. निज श्रावण शुद्ध सप्तमी. तीच तिथी.

हा मात्र योगायोग नव्हता. विक्रम आणि त्यातून उतरलेली प्रज्ञान ही छोटी गाडी, दोन्ही सूर्याच्या उजेडावर चालणारी. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांचा, तेवढाच त्यांना कामाचा वेळ. म्हणून त्या जागी सूर्य नुकताच वर आलेला असताना उतरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. त्या जागेवर पहाट साधारण पंचमीला होते. सप्तमीला तिथे कोवळं, तिरकं ऊन असतं, खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात आणि कॅमेऱ्याला जमीन नीट वाचता येते.

संध्याकाळी गच्चीवर चटई टाकली. ढग निघून गेले होते. पश्चिमेला शुक्र, पूर्वेला नुकताच वर आलेला गुरू, आणि जवळपास डोक्यावर अर्ध्याला किंचित कमी चंद्र. काकांची जुनी दुर्बीण होती. मी अण्णांना सांगितलं, उजेड-अंधाराच्या सीमेवरून खाली खाली या, जवळजवळ तळापर्यंत, आणि मग जरा उजेडाच्या बाजूला.

ते बघत होते तोवर मला २०१९ ची रात्र आठवत होती. ७ सप्टेंबरला, पहाटे दोनच्या सुमारास, वसतिगृहाच्या मुलांना घेऊन मी चांद्रयान-२ चं उतरणं बघत होते. पृष्ठभागापासून २.१ किलोमीटरवर आलेख वाकडा झाला, मग बिंदू थांबला. मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. पुढे इस्रोने कारणं उघड सांगितली. इंजिनांनी ठरल्यापेक्षा थोडा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, त्या दुरुस्त करायला यान हवं तितक्या वेगाने वळू शकलं नाही, आणि उतरायला जागाही ५०० मीटर बाय ५०० मीटरचीच आखली होती. चांद्रयान-३ बनवताना त्यांनी आधी काय काय बिघडू शकतं याचाच विचार केला. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, मधलं पाचवं इंजिन काढलं, वेग थेट मोजणारं लेझर उपकरण बसवलं आणि जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. चांद्रयान-२ चं परिभ्रमण यान चंद्राभोवती फिरतच होतं. त्याच्याच कॅमेऱ्याने नव्या विक्रमसाठी जमीन तपासली. चार वर्षांनी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम टेकलं तेव्हा २०१९ ची मुलं कॉलेजात गेली होती. त्यातल्या तिघींचे फोन आले. एक नुसती रडत होती.

प्रज्ञान शंभर मीटरच्या आसपास चाललं, मातीत गंधक असल्याची खूण त्याने पटवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवलं, चंद्रावरची पुढची पहाट झाल्यावर हाका मारल्या, पण ते उठले नाहीत. विक्रमच्या डोक्यावरचा नासाचा छोटा आरसा तेवढा अजून कामात आहे, वरून लेझर टाकला की तो परतवतो.

"दादा, दिसलं का?" आत्या खालून भरताची वाटी घेऊन आली होती.

अण्णांनी कोपर कठड्याला टेकवलं, दुर्बीण अजून डोळ्यालाच.

"विक्रम कुठलं दिसतंय," ते म्हणाले. "पण तिथं ऊन पडलंय."

आत्याने वाटी माझ्या हातात दिली आणि दुर्बिणीसाठी हात पुढे केला.